देव उठून गेलेला समुद्र

ते समुद्राकडे पाठ करून बसायचे आणि समुद्राचं चित्र काढायचे.

शिरोड्याला आमची माडांची बाग जिथे संपते आणि वाळू सुरू होते, तिथे एक वाकडा माड आहे. त्याच्या खोडाला त्यांनी तारेने दाढीचा आरसा बांधला होता. आरशासमोर स्टूल, बाजूला लाकडी स्टँडवर कॅनव्हास. तोंड माडाकडे, पाठ पश्चिमेकडे. आरशात मावेल तेवढाच समुद्र ते बघायचे. भरतीला पाणी वर चढायचं, स्टुलाचे पाय भिजायचे, कधी त्यांचे घोटे भिजायचे, पण मान वळायची नाही. मी हायस्कुलातल्या नोकरीवरून घरी आलो की चपला काढायच्या आधी बागेच्या टोकाला जाऊन ती पाठ जागेवर आहे ना हे बघायचो. बारीक, उजव्या खांद्यात कललेली, धुवून धुवून विरलेल्या शर्टातली पाठ. ती दिसली की परत फिरायचो. मग चहा.

त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दलही लिहावं लागेल, म्हणून इतके दिवस टाळलं. मी भित्रा माणूस आहे. समुद्रकाठी जन्मलो, समुद्रकाठी वाढलो आणि समुद्राला भितो. नोकरी शाळेत क्लार्कची, आणि घराच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. बायकोच्या हातचं जेवण चांगलं, त्यामुळे माणसं परत परत येतात. एक पाहुणा मात्र परत आला नाही. सकाळी आमच्या पडवीत घावणे खाऊन, "संध्याकाळी कोळंबीचं काहीतरी करा हं," असं सांगून तो पोहायला गेला. तिसऱ्या दिवशी प्रेत किनाऱ्याला लागलं. मी त्याची ओळख पटवायला गेलो तेव्हा मला त्याचा चेहरा ओळखता आला नाही. शर्टावरून सांगितलं. त्यात माझी काही चूक नव्हती असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो. पण तेव्हापासून किनाऱ्यावर कोणाचीही पाण्याकडे चाललेली पाठ दिसली की ती परत वळेपर्यंत मी जागचा हलत नाही.

आणि नेमका अशा माणसाच्या घरी हा असा भाडेकरू आला.

दिवाळीनंतर ते चार दिवसांसाठी म्हणून आले आणि राहिले. मूळचे आरोंद्याकडचे, पण जन्म सगळा मुंबईत गेला. लग्न केलं नव्हतं. एका कॅलेंडर छापणाऱ्या कारखान्यात ते चित्रकार होते. तिथे देव काढणारे वेगळे आणि देवांच्या मागचं काढणारे वेगळे. हे मागचे. आभाळ, ढग, कमळांचं तळं, आणि मुख्य म्हणजे समुद्र. क्षीरसागर, सेतूचा समुद्र, द्वारकेचा समुद्र. पुढे ते काम मशीन करायला लागलं आणि यांना घरी बसवलं.

पहिल्याच दिवशी ते पाणी मागायला स्वयंपाकघराच्या दारात आले. भिंतीवर लक्ष्मीचं जुनं कॅलेंडर होतं. महिन्यांची पानं कधीच संपली होती, पण चित्र चांगलं म्हणून बायकोने ठेवलेलं. ते बघून तांब्या हातात तसाच धरून ते उभे राहिले.

"ताई, हा समुद्र माझा."

"खराच? आणि लक्ष्मी?"

"ती आमच्यातल्या दुसऱ्याची. भयंकर रागीट माणूस, पण देवीचे हात काय काढायचा!"

"मगे मी इतकी वर्सा नमस्कार करतंय तो कोणाक गेलो?"

"तिलाच. थोडा तिच्या खांद्यावरून मागे सांडला असेल तर तो माझा."

बायको हसून हसून बेजार झाली. तेव्हापासून ते घरातलेच झाले. ती त्यांना काकानू म्हणायची, म्हणून मीही. ते मला मालक म्हणायचे, आणि त्यात थोडी थट्टा असायची.

गावातल्या कोणाच्याही घरी गेले की ते आधी भिंती बघत. देवाला हात जोडायच्या ऐवजी जवळ जाऊन देवाच्या मागे काय आहे ते चष्मा वर करून बघत. "हे माझं नाही. हे इंदूरवाल्यांचं. ढगाला बूड नाही बघा." एका घरी सत्यनारायणाच्या पूजेला सगळे आरतीला उभे असताना हे चौरंगामागे जाऊन फ्रेमवर नाक टेकवून उभे. यजमानांना वाटलं, म्हातारा देवाशी काही बोलतोय. त्यांनी आरती थांबवून ठेवली.

रंगांची नावं त्यांची स्वतःची. डब्यावरची नावं ते वाचायचे नाहीत. एक होता 'बंद दुकानाचा निळा'. एक 'सुट्टी संपल्याचा पिवळा'. मी एकदा विचारलं की हा जांभळा कुठला, तर म्हणाले, "पाहुणे गेल्यावर घर असतं ना, त्याचा." आमच्याशी ते छापील मराठी बोलायचे. मालवणी फक्त ब्रशाशी. "मेल्या, खंय चललंस? हयसर रव. रव म्हणतंय ना!" लांबून ऐकणाऱ्याला वाटायचं, त्या माडाखाली कोणी लहान पोर आहे.

आमच्या शेजारचा बाबल रापणीचा माणूस, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांतला. तो येता जाता त्यांना छेडायचा.

"काकानू, दर्याक कोण अशी फाट दाखयता? खेचून नेतलो एक दिवस."

"समोर बसलो की तो फार मोठा होतो रे बाबल. आरशात कसा, शहाण्यासारखा बसतो."

"शहाणो? तो?" बाबल वाळूत थुंकायचा आणि हसत निघून जायचा. मला हसू यायचं नाही.

आता त्या चित्राबद्दल. मी चित्रातला जाणकार नाही. पण त्या कॅनव्हासकडे मी जितका वेळ बघितलंय तितका वेळ माझ्या मुलीच्या लग्नाच्या फोटोंकडेही बघितलं नाही.

कॅनव्हास चांगला मोठा, दाराच्या एका फळीएवढा आडवा. त्यात होडी नाही, पाखरू नाही, फेस नाही, किनाराही नाही. नुसतं पाणी, आणि फार वर, जवळजवळ चौकटीला लागून, क्षितिजाची रेघ. संध्याकाळ असावी, पण सूर्य नाही. उजेड वरून पडलेला नाही, पाण्याच्या आतून वर येतोय असा. हिरवट, त्यावर तो पाहुणे गेल्यानंतरचा जांभळा. आमचा समुद्र असा कधीच दिसत नाही, आणि तरी बघणाऱ्याला वाटायचं की हे पाणी आपण बघितलंय, कधीतरी, फार लहानपणी, आणि तेव्हा आपलं काहीतरी तिथे राहिलंय. बायको म्हणाली, "बघूक बरा वाटता, पण जास्ती येळ बघवत नाय." बाबल एकदा ओला तसाच येऊन चित्रासमोर उभा राहिला. नेहमीची थट्टा त्याने केली नाही.

"वारो नाय, लाट नाय. असो गप दर्या मी जल्मात बघूक नाय. ह्येच्यात होडी घालूची माझी छाती नाय."

काका इतके खूश झाले की त्यांनी त्याला आपला ट्रान्झिस्टर देऊन टाकला.

मला ते सुंदर वाटायचं. अगदी खरं सांगतो, त्या चित्राइतकं सुंदर काही माझ्या घरात कधी आलं नव्हतं. आणि मला त्याची भीती वाटायची, कारण त्याच्या मधोमध एक पांढरी जागा होती.

चारी बाजूंनी समुद्र रंगत आला, पण मधे उभा कॅनव्हास कोरा. वर गोलसर, खाली सरळ, माणसाच्या प्रमाणातला. पाण्यात कमरेपर्यंत कोणी उभं राहावं तसा. आधी मला वाटलं, तिथे कोणीतरी यायचं असेल, बाई किंवा देव. मी विचारलं.

"तिथे कोणी नाही यायचं, मालक. जन्मभर मी देवांच्या मागचा समुद्र काढला. मला आता देव उठून गेल्यावर मागे राहतो तो समुद्र काढायचाय. तिथेही पाणीच येणार."

"मग ती जागा कोरी का?"

"येईल पाणी. सगळ्यात शेवटी."

त्या दिवशी मी वाकड्या माडाकडून घरी परत येताना सहज मागे बघितलं. तिरपी उन्हं, काकांची पाठ, आणि बाजूला कॅनव्हासवरची ती कोरी जागा. उजवा खांदा कललेला. दोन्हीकडे तोच खांदा. मी तिथेच माडाला धरून उभा राहिलो.

त्यानंतर मला सगळं त्याच दिशेने दिसायला लागलं. ट्रान्झिस्टर बाबलला दिला होता. पुढल्या आठवड्यात छत्री बायकोला दिली. चांगले बूट पोस्टमनला. मुंबईची खोली पुतण्याच्या नावावर करून झाली होती. आणि एका दुपारी जेवताना, माशाची कढी भातावर घेत, ते अगदी सहज म्हणाले, "एवढी जागा भरली की हे चित्र झालं. मग मला दुसरं काही काढायचं नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं.

माणूस आपल्याच आकाराची जागा समुद्रात मोकळी ठेवतो, ती शेवटी पाण्याने भरणार म्हणतो, आणि घरातल्या वस्तू वाटत सुटतो. याचा दुसरा काय अर्थ होता? कोणाला सांगू शकत नव्हतो. पोलिसांत जाऊन सांगणार काय, आमचा भाडेकरू चित्र पुरं करणार आहे म्हणून? त्यांनाच विचारावं असं शंभरदा मनात आलं. पण विचारलं आणि ते "हो" म्हणाले तर?

आमच्याकडे माणसाचं डोकं चालेनासं झालं की तो देवाला कौल लावतो. मीही गेलो. गुरवाने पाषाणाला पाणी घातलं आणि दोन बाजूंना दोन ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी मनातलं सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं की आमच्या घरी राहणाऱ्या म्हाताऱ्याने हातात घेतलेलं काम पुरं होऊ द्यावं ना?

उजवी कळी लगेच पडली. गुरवाने हात जोडले. "झाला. देवान सांगितल्यान."

मला बरं वाटायला हवं होतं. मी म्हटलं, "परत लाव. माका नीट विचारूक नाय."

"कित्याक परत?"

"लाव तू."

या वेळी मी विचारलं की काम पुरं झाल्यावर त्यांच्या जिवाला काही होणार नाही, असं वचन देतोस का? बराच वेळ दोन्ही कळ्या तशाच. बाहेर कोणीतरी घंटा वाजवली. मग डावी सुटली आणि खाली आली.

गुरव माझ्याकडे न बघता निर्माल्य गोळा करत म्हणाला, "पयलो कौल देवान दिल्यान. दुसरो तू मागून घेतलंस."

मी दुसरा घेऊन घरी आलो.

दत्तजयंतीच्या सुमाराची गोष्ट. काकांचे रंग संपत आले होते. कारखान्यात त्यांनी सगळं पोस्टर कलरमध्ये केलं होतं. तेलरंग ही त्यांची म्हातारपणाची चैन, आणि ते रंग इथे मिळत नसत. पुतण्या मुंबईहून रात्रीच्या बसने पार्सल पाठवायचा आणि मी स्टँडवर जाऊन ते घेऊन यायचो. त्या सकाळी मी पार्सल घेतलं, घरी आणलं, आणि माजघरातल्या तांदळाच्या पिपात खोल खुपसून ठेवलं.

"आलं का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही बुवा. बसवाला म्हणतो, नव्हतंच."

"येईल."

दुसऱ्या दिवशी परत तेच. काकांनी पुतण्याला फोन केला तर तो म्हणेल पाठवलंय, म्हणून तो फोनही मीच केला, त्यांच्यासमोर, आणि पलीकडे कोणी नसताना बोललो. "हो का? बरं बरं. बघा जमेल तेव्हा." इतकं सफाईने मी आयुष्यात खोटं बोललो नव्हतो. काका माझ्याकडे बघत होते. आरशात बघतात तसे, मान न हलवता.

बायकोला ते पार्सल दुसऱ्याच दिवशी सापडलं. माप घालायला पिपात हात घातला आणि कागद लागला. तिने मला माजघरात बोलावलं.

"ह्या काय ठेवलात तांदळात?"

मी सांगितलं. सगळं, खांद्यापासून कौलापर्यंत. ती भांडेल असं वाटलं होतं. तिने माप भरून घेतलं, पार्सल होतं तसं परत दाबलं आणि म्हणाली, "माका काय एक म्हायत नाय. काकानू विचारतीत तर मी सांगूचंय नाय. पण माका पण भिती वाटता ती वाटता."

असे या चोरीत आम्ही दोघं झालो.

पण पार्सलात रंगात मिसळायच्या जवसाच्या तेलाची बाटली होती आणि तिचं बूच सैल होतं. चार दिवसांनी भाताला वास यायला लागला. फार नाही, घास तोंडाशी नेला की जाणवेल एवढा. आम्ही तिघं पडवीत जेवत होतो. काकांनी पहिला घास घेतला आणि थांबले. त्यांनी भात नाकाजवळ नेला. ज्या माणसाने रोज त्या तेलात हात बुडवलेत, त्याला तो वास कसा कळणार नाही? बायकोचा हात सोलकढीच्या वाटीवर तसाच राहिला. मला माझ्या कानात समुद्र ऐकू येत होता.

"तांदूळ नवीन वाटतं," काका म्हणाले, आणि पानातला सगळा भात त्यांनी संपवला. परत वाढून घेतला.

मग ते वाट बघायला लागले. रोज सकाळी स्टूल घेऊन माडाखाली जायचे, आरशासमोर बसायचे आणि काहीच करायचे नाहीत. ब्रशाशी बोलणं बंद झालं. पार्सलबद्दल विचारणंही थांबलं. जेवण कमी झालं. बायको पेज करून द्यायची ती तशीच निवायची. माझ्या मनात होतं की काही दिवसांनी ते कंटाळून मुंबईला जातील, पुतण्याकडे, समुद्रापासून लांब कुठल्याशा तिसऱ्या मजल्यावर, आणि मी सुटेन. ते गेले नाहीत. फक्त बारीक होत गेले. शिमगा जवळ आला तरी चित्र तसंच. मधली जागा पांढरी, आणि भोवतालचा समुद्र सुकून तुकतुकीत.

त्या दिवशी शाळेत परीक्षेची कामं होती, मला घरी यायला उशीर झाला. सूर्य टेकला होता. मी नेहमीसारखा बागेच्या टोकाला गेलो. स्टूल रिकामं होतं. चष्मा स्टुलावर घडी घालून ठेवलेला. मी वळून समुद्राकडे बघितलं नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. मान वळेना. मी त्यांच्यासारखाच माडाकडे तोंड करून उभा राहिलो आणि आरशात बघितलं. आरशात पाणी होतं, लाल झालेलं, आणि त्या पाण्याच्या मधोमध कमरेपर्यंत एक काळी पाठ. उजवा खांदा कललेला.

मग मी धावलो. कसा पोचलो ते आठवत नाही. "काकानू, मागे फिरा! मागे फिरा!" असं ओरडत होतो एवढं आठवतं, कारण बाबलने ते ऐकलं आणि तो लांबून पळत आला. पाणी माझ्या छातीला लागलं तेव्हा माझा हात त्यांच्या शर्टाला पोचला. त्यांनी हिसडा दिला. "सोड माका! सोड रे!" माणसाशी ते मालवणी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. म्हाताऱ्याच्या अंगात केवढी ताकद होती. बाबल आला आणि आम्ही दोघांनी त्यांना ओढत वाळूवर आणलं.

बाबल धापा टाकत म्हणाला, "काय काकानू, आज फाट दाखवची सोडून तोंड दाखवूक गेलास?" मग तो माझ्या बायकोला बोलवायला गेला.

आम्ही दोघंच राहिलो. ओले, वाळूने भरलेले. मी रडत होतो आणि बोलत होतो. पार्सल, तांदूळ, फोन, कौल, सगळं सांगून टाकलं. माझं संपेपर्यंत ते पायाची वाळू झाडत होते.

"तांदळात आहे ते माहीत होतं मला."

"मग मागितलं का नाही?"

"मागितलं असतं तर तुम्ही दिलं असतंत. मग ती जागा भरावी लागली असती. मलाही भीती वाटत होती, मालक. भरून झाल्यावर सकाळी उठून करायचं काय, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही अडवताय म्हटल्यावर बरं वाटलं. म्हटलं, चला, अडवू दे."

"पण मग आज पाण्यात..."

त्यांनी दोन्ही हात पुढे करून बघितले. "हे रिकामे राहिले की पाय चालायला लागतात. ब्रश हातात असता तर इथे आलोच नसतो."

मी त्यांना विचारलं की चित्रातल्या त्या जागेचा खांदा तुमच्यासारखा का आहे. ते पहिल्यांदा नीट हसले. कारखान्यात मागचं काढणाऱ्यांनी देवासाठी जागा कोरी सोडायची पद्धत होती. प्रत्येक वेळी मापं काढत बसायला नको म्हणून पुठ्ठ्याचा एक साचा होता. साचा कापायचा तेव्हा हे कामावर नवे आणि सगळ्यांत सडपातळ, म्हणून यांनाच भिंतीशी उभं करून पेन्सिल फिरवली होती आणि तो आकार लहान करून पुठ्ठा कापला होता. "राम, कृष्ण, दत्त, तुमच्या स्वयंपाकघरातली लक्ष्मी, सगळे माझ्या मापात उभे राहिलेत. आता साचा नाही, पण हात त्या जागी आला की आपोआप वळसा घालतो. मी जागा ठेवत नाही हो. राहते."

इतकंच होतं. मला दिसलेला खांदा खरा होता. त्यावरून मी बांधलेलं सगळं खोटं होतं. आणि ते खोटं मी इतके दिवस सांभाळलं की शेवटी काका खरोखरच कमरेपर्यंत पाण्यात जाऊन उभे राहिले.

त्याच संध्याकाळी मी पार्सल काढून दिलं. सकाळी ते कामाला बसले. "घाबरताय तर इथेच बसा समोर," म्हणाले, म्हणून मी शाळेत रजा टाकून बसलो. ब्रशाशी बोलणं सुरू झालं. "ये रे मेल्या, इलंस शेवटी!" पांढऱ्या जागेत खालून पाणी चढायला लागलं. कंबर, छाती, तो खांदा. शेवटी डोक्याच्या जागी त्यांनी तो जांभळा ओढला आणि ब्रश धुवायला टाकला. मी त्यांच्याकडे बघत होतो. ते मला म्हणाले, "ताईंना विचारा, बांगडे आहेत का. भाजलेले खाईन आज."

दोन दिवसांनी मला ते चित्रासमोर वाकून उभे दिसले. बोटाने काहीतरी चाचपत होते. मग सुरीने हळूच खरवडायला लागले, परत रंग लावला, परत खरवडलं. मी जवळ गेलो. समोरून बघितलं तर पाणीच पाणी, एकसंध. पण बाजूने, उजेड तिरपा पडला की, भोवतालच्या सुकलेल्या रंगाची एक बारीक कड वर उठून दिसत होती. जुन्या जागेच्या भोवती, पूर्ण.

"जात नाही का ती?"

"ओल्यात ओलं मिसळतं. सुकलेल्याशी लावलं की कड राहते."

"आधी भरलं असतं तर?"

ते सुरीचं टोक त्या कडेवरून फिरवत राहिले. मी परत विचारलं.

"इथली हवा दमट. ती कड बरेच दिवस मऊ होती. दत्तजयंतीच्या आसपास मी बोटाने बघितली होती. तेव्हा मिसळली असती."

त्यांनी सुरी पुसली. माझ्या खांद्यावर हात ठेवतील असं मला वाटलं, पण त्यांनी ठेवला नाही. ते चित्राकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. "देव उठून जायला हवा होता," एवढंच म्हणाले. "राहिला कोणीतरी."

उन्हाळ्यात ते मुंबईला गेले. चित्र नेलं नाही. तिसऱ्या मजल्यावर एवढी भिंत नाही, म्हणाले. अधूनमधून फोन करायचे. समुद्राची चौकशी करायचे नाहीत, बायकोची करायचे. एकदा त्यांच्या नंबरावरून पुतण्याचा आवाज आला. काका गेले. मी पहिला प्रश्न विचारला, "कुठे?" "घरीच हो. झोपेत." ते ऐकून मला इतकं हायसं वाटलं की मी भिंतीला टेकून खाली बसलो, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटून मला रडता आलं नाही.

चित्र आमच्या पडवीत, पाहुण्यांच्या जेवणाच्या टेबलाजवळ बाजूच्या भिंतीवर लावलंय. पश्चिमेला मोठी खिडकी आहे. दिवसभर लोक त्याच्यासमोर उभे राहतात, फोटो काढतात. एखादी बाई जेवता जेवता घास हातात धरून बघत राहते. पण संध्याकाळी खिडकीतून ऊन तिरपं आत येतं, ती कड उठते, आणि पाण्याच्या मधोमध एक माणूस दिसायला लागतो. कललेला खांदा, कमरेपर्यंत पाणी. मागच्या आठवड्यात पुण्याच्या एका पाहुण्याने विचारलं, "हा माणूस आत चाललाय की बाहेर येतोय?"

मी सोलकढीचा तांब्या घेऊन उठलो. वाढायचं निमित्त करून खिडकी आणि चित्र यांच्या मधे जाऊन उभा राहिलो. रोज या वेळी मी तेच करतो. माझी सावली चित्रावर पडते, कड मावळते, आणि मी तिथे उभा असतो तेवढा वेळ त्यात नुसता समुद्र असतो.